लॅपटॉपला टॅब्लेट का दिसत नाही? यूएसबीच्या दोन भूमिका

माझा भाचा गोव्यातल्या मांद्र्याहून डिचोलीला आला तो एक जुना टॅब्लेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. २०२० साली ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला. पडदा धड, बॅटरी बरी, पण कंपनीकडून अपडेट येणं कधीच थांबलेलं. म्हणून त्याने त्यावर पोस्टमार्केटओएस चढवलं होतं. ही अल्पाइन लिनक्सवर उभी असलेली मुक्त प्रणाली २०१७ मध्ये सुरू झाली, फोनला १० वर्षांचं आयुष्य मिळावं हे ध्येय ठेवून. मला त्या ध्येयाबद्दल मनापासून आस्था आहे. घराघरांतल्या कपाटांत अशी कितीतरी चांगली यंत्रं केवळ जुन्या सॉफ्टवेअरपायी पडून आहेत.

"मामा, सुरू होतो. कीबोर्ड लावला तर चालतो. पण लॅपटॉपला जोडला की काहीच होत नाही," तो म्हणाला.

त्याची अडचण नीट समजून घ्या. टॅब्लेटचं वायफाय अजून चालत नव्हतं, स्पर्शही नव्हता. अशा वेळी यूएसबीची तार हीच आत शिरायची मुख्य वाट असते. पोस्टमार्केटओएस सुरू होताच या तारेवरून एक छोटं नेटवर्क उभं करते. टॅब्लेट स्वतःला १७२.१६.४२.१ हा पत्ता घेतो आणि लॅपटॉपवरून एसएसएच करून (म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षितपणे दुसऱ्या यंत्राचं टर्मिनल उघडून) आपण थेट आत जातो. पडदा काळा असला तरी हे चालतं. यासाठी टॅब्लेटने यूएसबी डिव्हाइसची भूमिका घ्यायला हवी. लिनक्सच्या भाषेत हा ‘गॅजेट मोड’. तोच अडला होता.

आधी भूमिका म्हणजे काय ते पाहू, कारण सगळी गुंतागुंत तिथूनच येते.

यूएसबी पहिल्यांदा १९९६ मध्ये आलं तेव्हा मधोमध संगणक आणि भोवती कीबोर्ड, माउस, प्रिंटर असंच चित्र डोळ्यांसमोर होतं. त्यामुळे तारेची दोन टोकं कधीच बरोबरीची नव्हती. एक होस्ट, दुसरं डिव्हाइस. होस्टने विचारल्याशिवाय डिव्हाइसने बोलायचं नाही.

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट ज्यांनी वापरली आहे त्यांना हे लगेच कळेल. समजा बोट रायबंदरची आहे. चोडणच्या धक्क्यावर तुम्ही स्कूटर घेऊन कितीही घाईत उभे असा, बोट येईपर्यंत पलीकडे जाता येत नाही. बोट आली की चढायचं. चढायला कोणी नसेल तर बोट रिकामी परत जाते. यूएसबीत होस्टकडे बोट असते. तो सतत फेऱ्या मारतो, डिव्हाइसला विचारतो, "आहे का काही?" असेल तर माहिती चढते, नसेल तर ‘नाही’ एवढं उत्तर घेऊन फेरी परत. या फेऱ्यांचं वेळापत्रकही ठरलेलं आहे. दर मिलिसेकंदाला एक चौकट आणि हायस्पीडमध्ये तिचे ८ भाग, प्रत्येक १२५ मायक्रोसेकंदांचा.

आता लॅपटॉप जन्मजात बोटवाला. त्याला टॅब्लेट जोडायचा तर टॅब्लेटने धक्क्यावर उभं राहिलं पाहिजे. पण याच टॅब्लेटला कीबोर्ड किंवा पेनड्राइव्ह लावला की त्याने बोट चालवायची असते. दोन्ही कामं एकाच पोर्टमधून. ही सोय २००१ मध्ये ‘ऑन-द-गो’ म्हणजे ओटीजी या नावाने आली. दोघेही धक्क्यावर उभे राहिले तर पूर्ण शांतता. दोघांनीही बोटी काढल्या तर त्याहून वाईट, कारण होस्टने तारेवर ५ व्होल्टही पुरवायचे असतात आणि दोन्हीकडून वीज ढकलली जाते. तेव्हा भूमिकांशी खेळताना टॅब्लेटच्या चार्जिंग चिपमधला ५ व्होल्ट बाहेर देणारा भाग बंद आहे ना, एवढं आधी पाहून घ्यावं. यात चुकलं तर पोर्ट किंवा चिप जाऊ शकते.

मग टॅब्लेटला कसं कळतं की आज काय व्हायचं? जुन्या मायक्रो यूएसबीत ५ खिळे असतात. त्यातला एक ‘आयडी’. ओटीजी अडॅप्टरमध्ये हा खिळा जमिनीशी, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेशी जोडलेला असतो. टॅब्लेटने ते पाहिलं की तो होस्ट. साध्या केबलमध्ये तो मोकळा लोंबतो, मग टॅब्लेट डिव्हाइस. टाइप-सीमध्ये हे काम सीसी नावाच्या खिळ्यांकडे गेलं. वीज घेणारी बाजू तिथे ५.१ किलोओहमचा रोधक जमिनीकडे लावते, देणारी बाजू दुसऱ्या रोधकाने तो खिळा वर ओढते, आणि त्यावरून कोण कोण ते ठरतं.

लॅपटॉपला कसं कळतं की धक्क्यावर कोणी आलं? तेही एका रोधकावर. होस्टकडे माहितीच्या दोन्ही तारा, डी प्लस आणि डी मायनस, १५ किलोओहमने खाली ओढलेल्या असतात. डिव्हाइस तयार झालं की ते डी प्लसला १.५ किलोओहमने ३.३ व्होल्टकडे उचलतं. लॅपटॉपला तार वर गेलेली दिसते आणि तो फेरी सोडतो. यूएसबी २.० चं ४८० मेगाबिटवालं उपकरणही आधी असं १२ मेगाबिटवालं म्हणूनच हात वर करतं. मग होस्ट तार शून्यावर आणतो तेव्हा ते एक छोटी खूण करतं आणि होस्ट उलट खूण देतो. तिला ‘चर्प’ म्हणतात, म्हणजे पाखराची चिवचिव. ती जुळली की वेग वाढतो.

त्यानंतर ओळखपरेड. नवं उपकरण सुरुवातीला ० या पत्त्यावर असतं. लॅपटॉप त्याला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो, मग विचारतो, तू कोण, कोणत्या कंपनीचं, काय काय करतोस, किती वीज लागेल? ही उत्तरं म्हणजे डिस्क्रिप्टर. ती पटली की लॅपटॉप म्हणतो, चल, कामाला लाग. यूएसबी २.० मध्ये तोवर १०० मिलिअँपिअर आणि नंतर जास्तीत जास्त ५०० असा हिशेब असतो.

एवढी साखळी. त्यातला एक दुवा निसटला तरी लॅपटॉपवर दिसतं ते एकच, काहीच नाही. म्हणून मी भाच्याला म्हटलं, कोडमध्ये लगेच हात घालू नकोस. आधी आपण साखळी मधोमध तोडून पाहू.

ती तोडायची जागा म्हणजे फास्टबूट. अँड्रॉइड टॅब्लेट आवाजाचं बटण दाबून सुरू केला की बूटलोडर, म्हणजे मुख्य प्रणालीला जागं करणारा छोटा प्रोग्राम, एका साध्या पडद्यावर थांबतो आणि लॅपटॉपच्या आज्ञांची वाट पाहतो. बऱ्याच यंत्रांत हा फास्टबूट असतो. हेसुद्धा डिव्हाइस मोडच आहे! फरक इतकाच की इथे लिनक्स अजून चालूच झालेलं नसतं. फास्टबूटमध्ये टॅब्लेट दिसला तर तार, पोर्ट, चिप, रोधक सगळं ठीक आणि दोष पुढे लिनक्समध्ये. नाही दिसला तर सॉफ्टवेअरमध्ये शोधण्यात दिवस घालवू नये. इतकी सोपी आणि इतकी निर्णायक कसोटी मला या कामात दुसरी माहीत नाही.

आम्ही लॅपटॉपवर कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश चालू ठेवले (डीमेसेग ही आज्ञा) आणि फास्टबूटमध्ये तार जोडली. एक ओळ उमटली नाही.

"ही केबल कुठली?"

"पॉवरबँकेची."

फक्त चार्जिंगसाठीच्या केबलमध्ये बहुतेक वेळा माहितीच्या दोन तारा नसतातच. ५ व्होल्ट आणि जमीन, बस्स. मांद्र्याला त्याने सॉफ्टवेअर चढवलं ते मित्राच्या केबलने. मी माझ्या जुन्या कॅमेऱ्याची केबल काढली. आता ओळी आल्या, पण लाल. ‘डिस्क्रिप्टर वाचता आला नाही, चूक उणे ७१’. आणि एकदा उणे ११०.

हे आकडे घाबरण्यासारखे नाहीत, उलट उपयोगी आहेत. उणे ७१ म्हणजे संवाद बिघडला, आलेले सिग्नल नियमात बसले नाहीत. उणे ११० म्हणजे वाट पाहून थकलो, उत्तर वेळेत आलं नाही. पण चूक आली याचाच अर्थ डी प्लस वर गेली, लॅपटॉपने फेरी सोडली. शांततेपेक्षा ही कितीतरी पुढची पायरी.

मी भिंग घेऊन पोर्टमध्ये पाहिलं. मधल्या पातळ जिभेवर हिरवट बुरशीसारखा थर. मांद्र्याचं घर किनाऱ्याला लागून, त्यात पावसाळ्याची दमट, खारी हवा. तांबं तिथे असंच खाल्लं जातं. टॅब्लेट पूर्ण बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने तो थर अलगद काढला, अर्धा तास वाळू दिला. परत फास्टबूट. लॅपटॉपला टॅब्लेट दिसला, सलग ५ वेळा. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी ही पायरी टाळू नये. मी आजवर पाहिलेल्या ‘ड्रायव्हरच्या’ अडचणींतल्या बऱ्याच शेवटी अशा पोर्टमध्येच सापडल्या आहेत.

आता लिनक्स. टॅब्लेट सुरू केला, ओटीजी अडॅप्टरने कीबोर्ड लावला आणि पडद्यावर टर्मिनल उघडलं. पाहायची पहिली जागा सिस फाइलप्रणालीत (इथे कर्नल यंत्राची अवस्था फाइलींच्या रूपात दाखवतो), क्लासच्या आत, यूडीसी नावाचा फोल्डर. यूडीसी म्हणजे यूएसबी डिव्हाइस कंट्रोलर, धक्क्यावर उभं राहण्याची क्षमता असलेली चिप. अशी प्रत्येक चिप इथे आपल्या नावाची नोंद करते. सिनॉप्सिस कंपनीच्या रचनेची असेल तर तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा कर्नलचा भाग, डीडब्ल्यूसी२ किंवा डीडब्ल्यूसी३, चिपआयडिया घराण्यातली असेल तर नाव सीआय_एचडीआरसी असं काहीतरी.

आमचा फोल्डर रिकामा होता.

याची कारणं मुख्यतः दोन. एक, कर्नल बांधताना गॅजेटचा पर्याय किंवा त्या ड्रायव्हरची डिव्हाइस बाजूच निवडलेली नाही. ते आम्ही तपासलं, निवडलेली होती. दुसरं कारण डिव्हाइस ट्री. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डवर कोणती चिप कुठे आहे आणि कशाला जोडली आहे याचा लेखी नकाशा. एआरएम चिपच्या टॅब्लेटवर लिनक्स स्वतःहून हे ओळखू शकत नाही, त्याला हा कागद हातात द्यावा लागतो. त्यात यूएसबीच्या नोंदीत ‘डीआर_मोड’ अशी एक ओळ असते. तिच्यात तीनपैकी एक शब्द येतो: होस्ट, पेरिफेरल (म्हणजे डिव्हाइस) किंवा ओटीजी. आमच्या नकाशात होस्ट लिहिलेलं होतं. ज्याने कोणी तो पहिल्यांदा लिहिला त्याला तेव्हा कीबोर्ड चालवायचा होता, आणि तो चालला. त्याचं त्या दिवशीचं काम झालं. पण या एका शब्दाने टॅब्लेटला कायमचं बोटवाला करून टाकलं होतं.

भाच्याने लगेच ‘पेरिफेरल’ लिहायला घेतलं. मी थांबवलं. पेरिफेरल केलं की कीबोर्ड गेला. आणि डिव्हाइस मोडही नाही चालला तर आत शिरायच्या दोन्ही वाटा बंद. पण आता फास्टबूट हाताशी होतं. नवा कर्नल टॅब्लेटवर कायमचा न लिहिता फास्टबूटमधून एका वेळेपुरता चालवून पाहता येतो. रीस्टार्ट केला की जुना परत. ही सुरक्षा असल्यावरच धाडस करावं.

आधी ओटीजी करून पाहिलं. यूडीसीच्या फोल्डरात नाव उमटलं! भाचा खुर्चीतून उठलाच. पण लॅपटॉप तरीही गप्प.

इथे एका फाइलबद्दल सांगायला हवं, कारण ती माहीत नसल्याने माणसं आंधळी कोशिंबीर खेळत राहतात. यूडीसीच्या नावाच्या फोल्डरात ‘स्टेट’ नावाची फाइल असते. तिच्यात एकच शब्द असतो आणि तो सांगतो आपण साखळीत कुठवर पोचलो. ‘नॉट अटॅच्ड’ म्हणजे जोडलेलं नाही. मग अटॅच्ड, पॉवर्ड. ‘डिफॉल्ट’ म्हणजे होस्टने रीसेट केलं पण पत्ता अजून ० आहे. ‘अड्रेस्ड’ म्हणजे पत्ता मिळाला. ‘कॉन्फिगर्ड’ म्हणजे ओळखपरेड पूर्ण. सगळेच ड्रायव्हर मधल्या पायऱ्या तितक्या प्रामाणिकपणे नोंदवत नाहीत, पण पहिला आणि शेवटचा शब्द बहुधा भरवशाचा.

आमच्याकडे शब्द होता नॉट अटॅच्ड. आणि तार तर लावलेली.

म्हणजे तार लागली आहे ही बातमी कंट्रोलरपर्यंत पोचतच नव्हती. कित्येक टॅब्लेटमध्ये आयडी खिळा आणि ५ व्होल्टची जाणीव थेट यूएसबी चिपकडे जात नाही. ती चार्जिंग चिपकडे किंवा एखाद्या वेगळ्या पिनकडे जाते, आणि तिथून ती बातमी कंट्रोलरला कळवण्यासाठी लिनक्समध्ये एक्स्टकॉन नावाची यंत्रणा आहे. नकाशात ही जोडणी लिहिलेली नसेल तर ओटीजी मोडमधला कंट्रोलर निरोपाची वाट पाहत बसतो. धक्क्यावर माणूस आहे, पण बोट आली हे त्याला कोणी सांगत नाही, म्हणून तो हातच वर करत नाही.

खात्री करायला एका वेळेपुरतं पेरिफेरल करून टॅब्लेट सुरू केला. काही ड्रायव्हर या मोडमध्ये तार जोडलेलीच आहे असं धरून चालतात. दहा-बारा सेकंदांत लॅपटॉपवर नवीन उपकरणाची ओळ आली. कंपनी क्रमांक १डी६बी, म्हणजे लिनक्स फाउंडेशनचा. मागोमाग नवं नेटवर्क. भाच्याने १७२.१६.४२.१ वर एसएसएच केलं आणि टॅब्लेटच्या आतून पहिली ओळ लॅपटॉपवर आली.

ही ओळख कोणी दिली? कॉन्फिगएफएसने. रोधकाने हात वर केला तरी ‘तू कोण?’ या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी लिहून ठेवावं लागतं, आणि लिनक्समध्ये ते अक्षरशः फोल्डर बनवून लिहितात. यूएसबी_गॅजेटच्या आत आपल्या नावाचा फोल्डर केला की त्यात कंपनी क्रमांक, वस्तू क्रमांक अशा फाइली आपोआप उगवतात. त्या भरायच्या. मग फंक्शन्समध्ये काय काय करायचं तो फोल्डर, नेटवर्कसाठी एनसीएम, सिरियल टर्मिनलसाठी एसीएम. ती फंक्शनं कॉन्फिगमध्ये जोडायची आणि सगळ्यात शेवटी यूडीसी या फाइलीत कंट्रोलरचं नाव लिहायचं. ते नाव लिहिलं त्या क्षणी डी प्लस वर जाते. फंक्शन जोडण्याआधीच नाव लिहिलं तर कर्नल नकार देतो. ‘व्यस्त’ असा निरोप आला तर समजावं की दुसऱ्या कुठल्या गॅजेटने हा कंट्रोलर आधीच धरला आहे. पोस्टमार्केटओएस सुरू होतानाच आपला गॅजेट बांधते, म्हणून हाताने दुसरा बांधायला जाणाऱ्यांना हा निरोप हमखास भेटतो. पहिल्याच्या यूडीसी फाइलीत रिकामी ओळ लिहून आधी त्याला सोडवावं.

दोन बारीक गोष्टी, पण त्रास मोठा देतात. नेटवर्क फंक्शनला दोन्ही टोकांचे मॅक पत्ते (नेटवर्कवर यंत्र ओळखायचे क्रमांक) ठरवून दिले नाहीत तर ते दर वेळी नवे निघू शकतात, आणि मग लॅपटॉप रोज नवंच नेटवर्क आलं समजून आपण केलेली मांडणी विसरतो. दुसरी, नेटवर्कचा प्रकार. जुन्या विंडोजला आरएनडीआयएस लागायचं, विंडोज ११ ला एनसीएम समजतं, लिनक्सला दोन्ही.

"मामा, यालाच पेनड्राइव्ह करता येईल का? आजीच्या भजनाच्या वह्या स्कॅन केल्यात, त्या टाकायच्यात."

करता येतं, मास स्टोरेज नावाचं फंक्शन आहे. पण मी त्याला कळकळीने नको म्हटलं. पेनड्राइव्हसारखं दाखवताना टॅब्लेट डिस्कचा कच्चा भाग लॅपटॉपच्या हाती देतो. तोच भाग टॅब्लेटनेही उघडून ठेवला असेल तर एकाच वहीत दोघं एकमेकांना न विचारता लिहू लागतात आणि फाइलप्रणाली मोडते. आजीच्या वह्या परत कुठून आणणार? एसएसएच चालू झालंय, त्याच वाटेने फाइली पाठवाव्यात. तिथे लिहिणारा एकटा टॅब्लेट असतो.

राहिलं ते दोन्ही भूमिका आपोआप बदलण्याचं. लिनक्सची परवाना अट, जीपीएल आवृत्ती २, सांगते की कर्नल वाटणाऱ्याने त्याचा सोर्सही द्यावा. या टॅब्लेटचा जुना कर्नल तसा मिळाला. त्यातल्या नोंदींवरून आयडी खिळा कोणत्या पिनला गेला आहे हे आम्ही संध्याकाळभर शोधलं. सापडला. मग डिव्हाइस ट्रीमध्ये त्या पिनची एक्स्टकॉन नोंद केली, यूएसबीच्या नोंदीला ती जोडून दिली आणि डीआर_मोड परत ओटीजी. जिथे असा खिळा सापडतच नाही तिथे आणखी एक वाट आहे. ड्रायव्हर भूमिका बदलू देत असेल तर सिसच्या क्लासमध्ये यूएसबी_रोल नावाचा फोल्डर येतो, त्यातल्या रोल फाइलीत होस्ट किंवा डिव्हाइस लिहून भूमिका हाताने बदलता येते. कोणीच काही सांगितलं नाही तर कुठली भूमिका धरायची, हेही काही ड्रायव्हरांसाठी नकाशात लिहून ठेवता येतं. अर्धवट जुळलेल्या टॅब्लेटसाठी तिथे मी नेहमी डिव्हाइस लिहीन. एसएसएचची वाट उघडी असली की बाकी सगळं आतून दुरुस्त करता येतं.

नवा कर्नल घेऊन भाचा दुसऱ्या दिवशी मांद्र्याला गेला, माझी कॅमेऱ्याची केबल सोबत. रात्री त्याचा फोन आला.

"मामा, कीबोर्ड काढला, लॅपटॉप लावला. मी काहीच बदललं नाही."

"स्टेटमध्ये काय आहे?"

"कॉन्फिगर्ड."

"आता कीबोर्ड परत लाव."

फोनवर खुडबुड ऐकू आली, मग अडॅप्टर बसल्याचा खट्ट आवाज, आणि पाठोपाठ तो काहीतरी टाइप करत असल्याची टकटक.